घरच्या नेटवर्कवरच्या संगणकांना छोटी नावं देताना: आधी पत्ता पक्का, मग नाव

माझ्या घरच्या नेटवर्कवर एक जुना डेस्कटॉप फक्त फाइली साठवायला ठेवलेला आहे. लॅपटॉपचा बॅकअप रोज रात्री त्याच्यावर जायचा. लॅपटॉपवरच्या स्क्रिप्टमध्ये मी त्याचा पत्ता थेट आकड्यांत लिहून ठेवला होता. एकदा वीज गेली, राउटर पुन्हा चालू झाला आणि तो पत्ता एका फोनला मिळाला. त्यानंतर तीन आठवडे बॅकअप झालाच नव्हता, हे मला एक हरवलेली फाइल शोधताना कळलं. फाइल परत मिळाली नाही.

त्यानंतर मी घरातल्या प्रत्येक यंत्राला छोटं नाव दिलं. ते करताना जिथे जिथे अडलो, ते सगळं इथे क्रमाने लिहितो आहे. तुम्ही पहिल्यांदाच हे करत असाल तर एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या. बहुतेक जण नावापासून सुरुवात करतात आणि पंधरा दिवसांनी नाव चुकीच्या यंत्राकडे जायला लागतं. नाव म्हणजे पत्त्यावर चिकटवलेली चिठ्ठी. पत्ताच हलत असेल तर चिठ्ठी काय कामाची? म्हणून क्रम मोडू नका.

लिपीबद्दलही आधीच सांगतो. इथे नावं, आज्ञा आणि आकडे मी देवनागरीत लिहिले आहेत, संगणकावर मात्र ते रोमन लिपीत आणि इंग्रजी आकड्यांत (1, 2, 3) टाइप करायचे.

आधी हे हाताशी ठेवा

- राउटरच्या सेटिंग्जच्या पानाचा पत्ता, लॉगिन आणि पासवर्ड. हा वायफायचा पासवर्ड नव्हे. बऱ्याचदा तो राउटरच्या खालच्या स्टिकरवर छापलेला असतो.
- ज्या संगणकांवर बदल करायचा, त्यांचे अ‍ॅडमिन अधिकार.
- साधा मजकूर लिहिणारा एडिटर: नोटपॅड, नॅनो, काहीही. वर्ड नको.
- कागद आणि पेन. ज्या दिवशी नेटवर्क बंद पडेल, त्या दिवशी संगणकात ठेवलेली यादी उघडणार नाही.

## १. यंत्रांची यादी करा आणि नावं ठरवा

राउटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी असते. प्रत्येक यंत्राचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा आकड्यांतला पत्ता) आणि मॅक पत्ता कागदावर उतरवा. मॅक पत्ता म्हणजे नेटवर्क कार्डाची ओळख: बारा अक्षरं-आकडे, दोन-दोनच्या सहा जोड्या. आयपी पत्ता बदलू शकतो, मॅक पत्ता साधारणपणे यंत्राबरोबरच राहतो. केबलची जागा असलेल्या लॅपटॉपला केबलचा एक आणि वायफायचा दुसरा असे दोन मॅक पत्ते असतात. दोन्ही लिहा.

आता नावं. यंत्राच्या ब्रँडवरून किंवा मॉडेलवरून नाव देऊ नका, कामावरून द्या. फाइली साठवणारा तो 'भांडार', छपाई करणारा तो 'छापखाना', गाणी आणि चित्रपट पुरवणारा तो 'पडदा'. पुढे जुना डेस्कटॉप काढून तिथे दुसरं यंत्र आलं तरी 'भांडार' हे नाव खोटं ठरत नाही, आणि ज्या स्क्रिप्टमध्ये ते लिहिलंय तिला हात लावावा लागत नाही. टोपणनावाचा खरा फायदा हाच आहे. चार अक्षरं कमी टाइप करावी लागतात, तो वरचा नफा.

नावात फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि मधला आडवा डॅश चालतो. डॅशने सुरुवात किंवा शेवट करायचा नाही. अंडरस्कोर आणि स्पेस टाळा. नियमाने एका नावात ६३ अक्षरं बसतात, पण जुनी विंडोज शेअरिंग पद्धत १५ अक्षरांपुढचं नाव कापते, म्हणून पंधराच्या आत राहा. कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांत फरक धरला जात नाही. माझा सल्ला, सगळं स्मॉलमध्येच लिहा.

## २. पत्ता पक्का करा

राउटरमधली डीएचसीपी ही सेवा घरातल्या यंत्रांना पत्ते वाटते, आणि ठरावीक मुदतीसाठीच वाटते. मुदत संपली, यंत्र बरेच दिवस बंद राहिलं किंवा राउटरची यादी पुसली गेली, की तोच पत्ता दुसऱ्याला जाऊ शकतो. माझा बॅकअप यानेच बुडाला.

पत्ता पक्का करण्याचे दोन मार्ग आहेत. एक, यंत्रावरच स्थिर पत्ता लिहिणं. दुसरा, राउटरला सांगणं की या मॅक पत्त्याचं यंत्र आलं की त्याला नेहमी हाच आयपी दे. दुसरा मार्ग घ्या. याला राउटरमध्ये 'डीएचसीपी रिझर्व्हेशन', 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन' किंवा 'स्टॅटिक लीज' असं काहीतरी नाव असतं. सगळी नोंद एकाच जागी राहते, आणि लॅपटॉप बाहेरच्या नेटवर्कवर नेला तरी तिथे त्याचं अडत नाही.

सोय म्हणून पत्ते गटाने द्या. कायम चालू असणारी यंत्रं १९२.१६८.१.१० पासून पुढे, प्रिंटरसारखी साधनं १९२.१६८.१.२० पासून पुढे. तुमच्या घरचे पत्ते १९२.१६८.० किंवा १० ने सुरू होत असतील तर तसे घ्या. खासगी नेटवर्कसाठी १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ असे तीन पट्टे राखून ठेवलेले आहेत, तुमचा त्यांतलाच एक असणार.

इथे दोन खड्डे आहेत.

पहिला: काही जण यंत्रावर हाताने स्थिर पत्ता लिहितात, आणि तोच पत्ता राउटरच्या वाटपाच्या पट्ट्यातही असतो. राउटरला ते माहीत नसतं. तो तो पत्ता दुसऱ्याला देतो आणि दोन यंत्रं एकाच पत्त्यावर भांडत बसतात. लक्षण असं: जोडणी कधी चालते, कधी तुटते, कारण सापडत नाही. हाताने लिहायचंच असेल तर वाटपाच्या पट्ट्याबाहेरचा पत्ता घ्या.

दुसरा: आजकालचे फोन आणि काही लॅपटॉप खासगीपणासाठी बनावट मॅक पत्ता वापरतात. त्यांच्यासाठी केलेली राखीव नोंद अचानक निकामी होते. अशा यंत्रावर त्या एका वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन 'प्रायव्हेट अ‍ॅड्रेस' किंवा 'रँडम मॅक' फक्त घरच्या नेटवर्कपुरतं बंद करा. पण फोनला नाव द्यायची गरज क्वचितच पडते. ज्याच्याकडे इतर यंत्रं काही मागायला जातात, त्यालाच नाव हवं.

रिझर्व्हेशन केल्यावर ते यंत्र रिस्टार्ट करा आणि नवा पत्ता खरोखर मिळाला का ते बघा. तो मिळेपर्यंत पुढे जाऊ नका.

## ३. एकाच संगणकापुरतं: होस्ट्स फाइल

तुम्ही एकाच लॅपटॉपवरून इतर यंत्रांकडे जात असाल तर एवढ्यावरच काम भागेल. संगणक एखादं नाव पाहतो तेव्हा बाहेर विचारण्याआधी सहसा आपल्याकडच्या एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये डोकावतो. तिचं नाव होस्ट्स. लिनक्स आणि मॅकवर (म्हणजे अ‍ॅपलच्या संगणकांवर) ती मुळाच्या फोल्डरखालच्या इटीसी फोल्डरमध्ये असते. विंडोजवर सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टिम३२, ड्रायव्हर्स, इटीसी असं उतरत गेलात की सापडते.

फाइलच्या शेवटी अशा ओळी घाला:

१९२.१६८.१.१०   भांडार   बॅकअप
१९२.१६८.१.११   पडदा
१९२.१६८.१.२०   छापखाना

आधी पत्ता, मग मोकळी जागा, मग मुख्य नाव. त्याच ओळीत पुढे जितकी नावं लिहाल ती सगळी त्याच पत्त्याची टोपणनावं. वरच्या पहिल्या ओळीमुळे 'भांडार' आणि 'बॅकअप' दोन्ही एकाच यंत्राकडे जातात. हॅशचं चिन्ह दिलं की त्यापुढचा मजकूर टीप धरला जातो. आधीपासून असलेल्या, १२७ ने सुरू होणाऱ्या ओळींना हात लावू नका. त्या संगणकाच्या स्वतःच्या ओळखीसाठी आहेत.

विंडोजवर नोटपॅड 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करूनच उघडा, नाहीतर सेव्ह होणार नाही. फाइल उघडताना खाली 'ऑल फाइल्स' निवडा, कारण या फाइलला शेपूट नसतं आणि नोटपॅड एरवी फक्त टीएक्सटी फाइली दाखवतं. सेव्ह करताना नाव 'होस्ट्स डॉट टीएक्सटी' झालं तर सगळं बरोबर लिहूनही काही चालणार नाही. हे हमखास घडतं, म्हणून सेव्ह केल्यावर फोल्डरमध्ये जाऊन नाव डोळ्यांनी तपासा. लिनक्स-मॅकवर हीच फाइल सुडो (अ‍ॅडमिन अधिकाराने आज्ञा चालवणारा शब्द) लावून नॅनोमध्ये उघडायची.

मग टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'पिंग भांडार' करा. पिंग म्हणजे त्या यंत्राला हाक मारून उत्तर येतं का ते बघणं. उत्तरात १९२.१६८.१.१० दिसला की नाव लागलं.

या फाइलमध्ये पोर्ट क्रमांक (यंत्रावरच्या एकेका सेवेचा क्रमांक) लिहिता येत नाही. नवखे लोक 'पत्ता, कोलन, ८०९६' असं लिहून बघतात. नाव फक्त यंत्रापर्यंत नेतं. त्यावरची कोणती सेवा हवी ते तुम्हालाच सांगावं लागतं, म्हणजे ब्राउझरमध्ये 'पडदा कोलन ८०९६' असंच टाइप करायचं.

आणि ही फाइल प्रत्येक संगणकावर वेगळी असते. पाच संगणक म्हणजे पाच फाइली, आणि त्यातली एक कायम जुनी राहते. आजच्या इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवर हीच अडचण आली होती. सगळ्या यंत्रांची नावं एका फाइलमध्ये असायची, ती स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जायची आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घ्यायचे. यंत्रं वाढली तसं ते झेपेना, आणि १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची, म्हणजे नाव विचारलं की पत्ता सांगणाऱ्या सेवेची, रचना मांडली. घरात यंत्रं वाढली की तुम्हालाही त्याच वाटेने जावं लागेल, ते सहाव्या पायरीत आहे.

## ४. फक्त एसएसएचसाठी: कॉन्फिग फाइल

एसएसएच म्हणजे टर्मिनलमधून दुसऱ्या यंत्रावर सुरक्षितपणे लॉगिन करायची सोय. तुम्ही असं लॉगिन करत असाल तर ही पायरी सोडू नका. माझा सगळ्यात जास्त वेळ हिनेच वाचवला आहे. होम फोल्डरमधल्या 'डॉट एसएसएच' फोल्डरमध्ये 'कॉन्फिग' नावाची फाइल करा आणि लिहा:

होस्ट भांडार
    होस्टनेम १९२.१६८.१.१०
    यूजर तिथलं-लॉगिन-नाव
    पोर्ट २२२२

आता 'एसएसएच भांडार' एवढंच पुरतं. इथे पोर्टही लिहिता येतो आणि लॉगिनचं नावही. फाइली पाठवणारे एससीपी आणि आरसिंक, आणि एसएसएचवरून चालणारं गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारा प्रोग्राम), सगळ्यांना हे नाव कळतं. पिंगला आणि ब्राउझरला मात्र कळत नाही, कारण ही फाइल फक्त एसएसएच वाचतं.

या फाइलमध्ये एखाद्या गोष्टीची जी किंमत आधी सापडते तीच धरली जाते. म्हणून सगळ्यांना लागू होणारा 'होस्ट तारांकन' हा भाग शेवटी ठेवा, वर ठेवलात तर खालचे बदल लागत नाहीत. फाइलची परवानगी ६०० ठेवा, म्हणजे फक्त तुम्हालाच ती वाचता-लिहिता येईल. दुसऱ्या कुणाला तिच्यात लिहिता येत असेल तर एसएसएच ती वापरायला नकार देतं.

पत्ते बदलल्यावर कधीकधी यंत्राची ओळख बदलल्याचा मोठा इशारा येतो. घाबरू नका, पण डोळे झाकून पुढेही जाऊ नका. आधी त्या पत्त्यावर दुसरं यंत्र होतं का, हे कागदावरच्या यादीत बघा. होतं असेल तरच एसएसएचने साठवलेली त्याची जुनी नोंद काढा.

## ५. काहीही न करता मिळणारं नाव: डॉट लोकल

'भांडार डॉट लोकल' असं नाव तुमच्याकडे आधीच चालत असेल. यात यंत्रं एकमेकांना थेट विचारतात: 'भांडार कोण आहे?' ज्याचं नाव ते उत्तर देतं. मॅकमध्ये हे मुळातच आहे, विंडोज १० मध्येही आलं आहे, लिनक्सवर अवाही नावाचा प्रोग्राम ते करतो. तुम्हाला फक्त यंत्राचं स्वतःचं नाव नीट ठेवायचं आहे.

दोनतीन यंत्रांच्या घराला हे पुरेसं आहे. मर्यादा एवढ्याच: जुन्या अँड्रॉइड फोनवर भरवसा ठेवता येत नाही, पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवरून हाक पोचत नाही, आणि एकाच नावाची दोन यंत्रं असली तर दुसऱ्याच्या नावापुढे आपोआप २ लागतो.

## ६. सगळ्या घरासाठी: एकच डीएनएस

फोन, टॅबलेट, टीव्ही सगळ्यांना नाव कळायला हवं असेल तर नावांची यादी एकाच जागी ठेवायची आणि सगळ्यांनी तिथे विचारायचं.

आधी राउटरमध्येच बघा. 'लोकल डीएनएस', 'स्टॅटिक डीएनएस' किंवा 'होस्टनेम्स' असा भाग असेल तर तिथेच नाव आणि पत्ता भरा. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची एक मुक्त प्रणाली) चालणाऱ्या राउटरवर ही सोय आहे. नसेल तर कायम चालू राहणाऱ्या एका छोट्या यंत्रावर डीएनएसमास्क किंवा पाय-होल यांपैकी एक डीएनएस चालवणारा प्रोग्राम बसवा. पाय-होलमध्ये लोकल डीएनएस नोंदींचं पान मिळतं. डीएनएसमास्क त्या यंत्राची होस्ट्स फाइलच वाचतो, म्हणजे तिसऱ्या पायरीत शिकलेलंच इथे सगळ्या घराला पुरतं. मग राउटरच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून या यंत्राचा पत्ता लिहा. घरातली यंत्रं वायफायवरून काढून पुन्हा जोडा, म्हणजे नवी माहिती त्यांच्यापर्यंत जाईल.

हे यंत्र बंद पडलं की घरातल्या सगळ्यांना इंटरनेट गेल्यासारखं वाटतं, कारण नावच उलगडत नाही. म्हणून रोज बंद होणारा लॅपटॉप या कामाला लावू नका.

आता सगळ्यात फसवा खड्डा. राउटरमध्ये डीएनएससाठी दोन रकाने असतात. पहिल्यात आपलं यंत्र आणि दुसऱ्यात, सावधगिरी म्हणून, एखादा बाहेरचा सार्वजनिक डीएनएस लिहावासा वाटतो. तसं करू नका. 'पहिला बंद असेल तरच दुसरा' असा नियम सगळी यंत्रं पाळत नाहीत. ती दोघांपैकी कुणालाही विचारतात, बाहेरच्याला 'भांडार' माहीत नसतं, तो 'असं नाव नाही' म्हणतो आणि तेच उत्तर धरलं जातं. मग नाव सकाळी चालतं, दुपारी चालत नाही. मी यात दोन रविवार घालवले. दुसरा रकाना रिकामा ठेवा, किंवा तसंच दुसरं यंत्र घरात उभं करून त्याचा पत्ता द्या. आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर राउटर त्या वाटेने स्वतःचाच पत्ता डीएनएस म्हणून वाटत असतो. तिथेही तपासा.

## ७. नावाचं आडनाव

डीएनएसमध्ये एकेरी नावाला मागे एक डोमेन लागतं. राउटर ते 'लोकल डोमेन' म्हणून यंत्रांना कळवतो, आणि तुम्ही 'भांडार' टाइप केलं की यंत्र स्वतःच पुढचं जोडून विचारतं. घरासाठी 'होम डॉट आर्पा' हे डोमेन २०१८ पासून अधिकृतपणे राखून ठेवलेलं आहे. २०२४ मध्ये 'डॉट इंटर्नल'ही खासगी वापरासाठी राखलं गेलं. यांतलं एक घ्या.

'डॉट लोकल' इथे वापरू नका. ते पाचव्या पायरीतल्या पद्धतीचं आहे आणि दोघांची गल्लत होते. 'डॉट डेव्ह' छोटं आणि छान वाटतं, पण ते खरंखुरं सार्वजनिक डोमेन आहे आणि ब्राउझर त्यावर एचटीटीपीएसशिवाय (सुरक्षित जोडणीशिवाय) जातच नाही, मग घरचं साधं पान उघडत नाही.

## ८. चालत नसेल तर या क्रमाने बघा

'पिंग भांडार' करा आणि उत्तर नीट वाचा. नाव सापडलं नाही असं म्हणत असेल तर दोष नावात आहे. बरोबर पत्ता दिसतो पण प्रतिसाद येत नाही, तर नाव ठीक आहे. यंत्र बंद असेल किंवा त्याचा फायरवॉल पिंग अडवत असेल. भलताच पत्ता दिसत असेल तर कुठेतरी जुनी नोंद उरली आहे, बहुतेक वेळा होस्ट्स फाइलमध्ये. सहाव्या पायरीला गेल्यावर तिसऱ्या पायरीतल्या ओळी काढून टाकायच्या असतात, ते राहून जातं.

नाव तयार करण्याआधीच तुम्ही ते विचारून पाहिलं असेल तर 'नाही' हे उत्तरही संगणक काही काळ लक्षात ठेवतो. विंडोजवर 'आयपीकॉन्फिग स्लॅश फ्लशडीएनएस' करा. इतरत्र यंत्र रिस्टार्ट करणं सगळ्यात सोपं.

'एनएसलुकअप' होस्ट्स फाइल बघत नाही, थेट डीएनएसला विचारतं. पिंगमध्ये नाव चालतं आणि तिथे चालत नाही, म्हणून तुमची फाइल चुकली असं समजू नका.

पिंग चालतं पण ब्राउझर शोधयंत्राचं पान उघडतो? एकच शब्द दिसला की ब्राउझरला तो शोधायचा शब्द वाटतो. नावाच्या शेवटी एक स्लॅश द्या, किंवा आधी 'एचटीटीपी कोलन दोन स्लॅश' लिहा. आणि एचटीटीपीएसच्या प्रमाणपत्राचा (पान खरंच त्या नावाचं आहे हे सांगणाऱ्या दाखल्याचा) इशारा आला तर त्याचं कारण बहुधा असं असतं, की त्या यंत्राच्या प्रमाणपत्रात तुमचं नवं टोपणनाव नाही.

बाकी सगळीकडे चालतं आणि एकाच फोनवर चालत नाही, तर फोनमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' किंवा व्हीपीएन चालू आहे का ते बघा. ब्राउझरमध्ये 'सिक्युअर डीएनएस' नावाचा असाच एक पर्याय असतो. हे तिन्ही तुमच्या घरच्या डीएनएसला वळसा घालून थेट बाहेर विचारतात. त्या फोनवर 'प्रायव्हेट डीएनएस' हा पर्याय 'ऑटोमॅटिक' करा, वायफाय काढून पुन्हा जोडा आणि 'भांडार' परत उघडून बघा.